सालवडचा परदेशी

खोली भाड्याने देण्यापूर्वी सर एकच प्रश्न विचारत असत. पगार किती, लग्न झाले का, मांसमच्छी चालते का, हे बोईसरच्या इतर घरमालकांचे प्रश्न त्यांना सुचतही नसावेत. हातातला चहाचा पेला खाली ठेवून, चष्म्याच्या काचांवरून पाहत ते विचारत, "तुम्ही भारताचे नागरिक कसे झालात?"

मला हा प्रश्न विचारला गेला तेव्हा मी त्यांच्या ओटीच्या पायरीवर बॅग धरून उभी होते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती. वर्ध्याहून प्रथमच इतक्या दूर आले होते आणि अनोळखी माणसाशी बोलायची मला सवय नव्हती.

"जन्मानं," मी कसेबसे म्हटले.

"म्हणजे तुम्ही स्वतः काही केलं नाहीत."

"नाही."

"प्रामाणिक आहात. खोली बघून घ्या."

बोईसरजवळच्या सालवडमधल्या त्या चाळीत समोरासमोर दोन रांगा होत्या आणि टोकाला सरांचे स्वतःचे बैठे घर. भाडेकरू सगळे कारखान्यांतले. एक ओडिशाचे कुटुंब, उत्तर प्रदेशातले चार-पाच अविवाहित कामगार, कुंभवलीच्या एका कारखान्यात काम करणारा झारखंडचा एक वेल्डर, आणि आता मी. सर चाळीला चाळ म्हणत नसत, 'संघ' म्हणत. खोलीला घटक.

पालघरच्या एका शाळेत त्यांनी सारी हयात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले होते. हे दोन विषय एकाच पुस्तकात येतात, आणि नागरिकशास्त्र मागच्या पानांवर असल्यामुळे ते बहुतेक शाळांत परीक्षेच्या तोंडावर घाईने उरकले जाते. सर उलट करत. जूनमध्ये राज्यघटना सुरू होई आणि ती संपली, की उरलेल्या वेळात स्वातंत्र्यलढा. त्यांचा एक जुना विद्यार्थी मला सांगत होता, "आमच्या वर्गात इंग्रज फेब्रुवारीपर्यंत राज्य करायचे हो. आदी कलमं, मंग चले जाव."

राज्यघटनेतले त्यांचे लाडके कलम तिसरे होते. नवे राज्य कसे घडवायचे, असलेल्या राज्याची सीमा कशी बदलायची, हे त्यात सांगितले आहे. संसदेने सीमा बदलण्याआधी त्या राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे लागते, त्यासाठी मुदत दिली जाते, मात्र ते मत मानण्याचे बंधन संसदेवर नसते. घटनाकारांच्या शहाणपणाचा हा कळस आहे असे सरांना वाटे, आणि चाळ ते याच कलमाने चालवत.

मी राहायला आल्यावर काही महिन्यांनी ओडिशाच्या त्या कुटुंबात बाळ जन्माला आले. त्यांच्या आणि शेजारच्या अविवाहित मुलांच्या खोलीमध्ये प्लायवूडची भिंत होती. ती सरकवून कुटुंबाला थोडी जागा द्यावी असे सरांच्या मनात आले. दुसरा कोणी घरमालक असता तर त्याने सुतार बोलावला असता. सरांनी सभा बोलावली. रविवारी सकाळी आम्ही सगळे अंगणात आपापल्या घरच्या बादल्या उलट्या करून त्यांवर बसलो. सरांनी प्रस्ताव वाचून दाखवला, आठवड्याची मुदत दिली आणि प्रत्येकाचे मत वेगवेगळे ऐकून घेतले. अविवाहित मुलांचा विरोध होता आणि तो त्यांनी हिंदीत, भोजपुरीत आणि अखेर हातवारे करून मांडला. सरांनी त्यांचे मनःपूर्वक आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी भिंत सरकवली.

झारखंडच्या वेल्डरला हे पटले नाही. भांडणाचा स्वर नव्हता त्याचा, पण त्याला खरोखर जाणून घ्यायचे होते. "सरजी, जब मानना ही नहीं था तो पूछे क्यों?"

सर उठले. घरात निघून गेले. मला वाटले, राग आला. दुसऱ्या दिवशी वेल्डर कामावर निघाला तेव्हा ते फाटकापाशी त्याची वाट पाहत उभे होते. आपल्या शाळकरी हिंदीत म्हणाले, "पूछे बिना दीवार हटाओ, तो आदमी को दुख होता है. पूछ के हटाओ, तो गुस्सा आता है. गुस्सा अच्छा है. गुस्सेवाला आदमी घर का रहता है."

वेल्डरने डब्याची पिशवी हँडलला अडकवली. "ठीक है सरजी," म्हणाला, आणि सायकलवर टांग टाकून गेला.

या वेल्डरवर सरांचा विशेष लोभ होता. तो जन्मला तेव्हा त्याचे गाव बिहारमध्ये होते, आता ते झारखंडात होते. "हम तो वहीं बैठे थे, राज्य ही बगल से निकल गया," असे तो सांगे, आणि सर दर वेळी नव्याने हसत. पालघर जिल्हा झाला तेव्हा स्टेशनजवळ लोकांनी फटाके वाजवले होते. त्या आठवणीनेही सर नाक मुरडत. "जिल्हा अधिसूचनेनं होतो. त्याला राज्यघटना लागत नाही." माझ्याशी ते वेगळ्या राज्याचा विषय काढत, कारण मी विदर्भातली. "वेगळं राज्य हवं की नको? तुमचं मत काय?" मी पुटपुटले, की मला नीट सांगता येणार नाही. त्यांनी मला महिन्याची मुदत दिली. मुदत संपल्यावर एकदा नळावर भेटले तेव्हा गंभीरपणे म्हणाले, "मुदतीत मत आलं नाही. संसद पुढं गेली."

नळावर उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नीने, काकूंनी, हंडा उचलता उचलता म्हटले, "तिला पानी भरू द्या आदी. संसद जाते कुटं, इथंच तर बसलीय सकाळपासून."

काकू किनाऱ्यावरच्या मुरबे गावच्या. माहेरचा मासेमारीचा धंदा, भावांच्या होड्या. लग्नाला चाळीस वर्षे होऊन गेली तरी त्या हंगामात माहेरून बोंबील आणून अंगणात दोरीवर वाळत घालत, आणि संघराज्याच्या साऱ्या सभा त्या वासातच भरत. सरांच्या व्याख्यानांकडे त्यांचे लक्ष नसते असे मला वाटे. पुढे कळले, की लक्ष पुरते असे.

सर स्वतः नागरिक कसे झाले, हे मी विचारले नसते. काकूंनीच एकदा बोंबील उलटे करताना सांगितले. "ह्ये कुटं इथले? ह्ये तर पोर्तुगीज."

सरांचा जन्म दमणचा. तेव्हा दमणवर पोर्तुगिजांचे राज्य होते. वडील तिथल्या मासेमारीच्या होडीवर खलाशी. सर सात-आठ वर्षांचे असताना भारतीय सैन्य दमणमध्ये आले आणि राज्य गेले. सरांच्या आठवणीत त्या दिवसाचे एवढेच होते, की आईने त्यांना माळ्यावर कोंडून ठेवले होते आणि सगळे शांत झाल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो, आता पापलेटचा भाव तोच राहणार का, हा. नंतर सरकारने आदेश काढला, आणि त्या भूभागात जन्मलेले सगळे भारताचे नागरिक झाले. सर पुढे शिक्षणासाठी मामाकडे पालघरला आले ते इकडचेच झाले.

"माणसं सीमा ओलांडून देशात येतात," ते मला म्हणाले होते. "मी ओटीवर बसलो होतो, आणि देश चालत आला. एवढा मोठा देश माझ्यासारख्या पोरासाठी चालत येतो, तर त्याचं पुस्तक तरी नीट वाचावं की नाही?"

जन्माने नागरिक झालेल्या आम्हा सर्वांबद्दल त्यांना जो किंचित संशय होता, त्याचे मूळ मला तेव्हा समजले. आम्हाला ते फुकट मिळालेले होते.

सरांना एकच मुलगा. आयटीआय करून तो औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात ठेकेदाराकडे फिटर होता. उंच, अबोल, वडिलांसमोर आणखी अबोल. त्या दोघांत भांडण नव्हते, पण बोलणेही नव्हते. मुलगा कामावरून आला की आईशी मुरब्याच्या बोलीत बोले. सर शुद्ध मराठीत काही विचारत, तो "हो" किंवा "नाही" म्हणे. एकदा सरांनी त्यालाही मत मागितले होते, कुठल्याशा भिंतीबद्दल. तो म्हणाला, "तुम्ही करणार तेच करा, बाबा." सरांना ते लागले असावे, कारण त्यांनी आभार मानले नाहीत.

आणि या मुलाला इंग्लंडला जायचे होते.

दमण भागात हे नवे नव्हते. पोर्तुगिजांच्या काळात तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगाल अजूनही आपले मानतो. तिकडच्या दप्तरात जन्माची नोंद करून घेतली, की पुढे पोर्तुगालचे पारपत्र मिळते, आणि त्या पारपत्रावर तेव्हा इंग्लंडमध्ये काम करता येत असे. मुलाचा आतेभाऊ लेस्टरला गोदामात कामाला लागला होता. मात्र मुलाची नोंद व्हायची तर आधी बापाची व्हायला हवी होती. सरांची सही लागणार होती.

दमणहून एक एजंट आला. पांढरे बूट, तोंडात सारखी बडीशेप. ओटीवर बसून तो म्हणाला, "सर, आपको कुछ करना ही नहीं है. खाली जन्म की नोंद. आपका इंडिया आपके पास, पोरगा लंडन."

"कलम नऊ," सर म्हणाले.

"क्या?"

"जो स्वखुशीनं परदेशाचं नागरिकत्व घेतो, तो भारताचा नागरिक राहत नाही."

"अरे सर, नोंद म्हणजे नागरिकत्व थोडीच! वकील लोग भी बोलते हैं."

"वकिलांत दोन मतं आहेत. मी दोन्ही वाचली आहेत. परदेशाच्या दप्तरात मी आपल्या हातानं माझं नाव त्यांचा म्हणून लिहायचं, आणि इथं येऊन म्हणायचं की मी काहीच घेतलं नाही? हे मुलांना तीस वर्षं शिकवलं नाही मी."

एजंट बडीशेप चघळत निघून गेला. मुलगा फाटकापर्यंत त्याला सोडायला गेला आणि जेवायला परत आला नाही.

काकूंनी सरांशी बोलणे टाकले. त्याने काही फरक पडेना, कारण सर एकटेच बोलत. मग काकूंनी बोलायला सुरुवात केली, आणि ते बोलणे चाळीतल्या सगळ्यांना ऐकू जात असे. "तुमची सही म्हंजे तुमचा देश जातो, तर जातो कुटं तो? ह्यो सालवड उठून जानार हाय? तुमी याच खाटेवर झोपनार ना?"

"तुला नाही समजायचं."

"मना समजतंय. पोरगा ज्या टाकीत उतरतो ती तुमी बघितली हाय काय?"

त्या आठवड्यातली ती दुपार मला स्वच्छ आठवते. मी प्रयोगशाळेत होते. आधी खिडक्यांच्या काचा थरथरल्या, मग आवाज आला. औद्योगिक वसाहतीत असा आवाज आला, की प्रत्येकजण आधी दिशा पाहतो, धुराचा रंग पाहतो आणि मग फोन काढतो. धूर पिवळट होता आणि मुलाच्या कारखान्याच्या बाजूने येत होता. मी सुटी मागून चाळीत आले तेव्हा काकू फाटकाबाहेर रस्त्यावर बसल्या होत्या, आणि सर त्यांच्याजवळ उभे होते. 

संध्याकाळी मुलगा चालत आला. भुवया जळून गेल्या होत्या, एका बाजूचे केसही. स्फोट शेजारच्या विभागात झाला होता. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एकाला मुंबईला हलवले होते. मुलाने हातपाय धुतले, पानावर बसला आणि रोजच्यासारखा जेवला. काकूंनी त्याला पुन्हापुन्हा भात वाढला. भुवया नसलेल्या त्या चेहऱ्याकडे सर पाहत राहिले. तो चेहरा एकदम फार लहान दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एजंटला स्वतः फोन केला.

सही करताना त्यांनी मला आणि वेल्डरला साक्षीला बोलावले होते. साक्षीदारांची काही गरज नाही असे एजंट म्हणाला. "मला आहे," सर म्हणाले. सही केली, पेनाचे टोपण लावले आणि मुलाला म्हणाले, "जा. नीट राहा." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "आजपासून मी या देशात परका आहे. याची नोंद घ्यावी."

आम्हाला वाटले, हा रागाचा भर आहे, ओसरेल. मुलगा वर्षभरात लेस्टरला गेला. सर मात्र शब्दाला जागले.

बोईसरमध्ये घरमालकाने भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते. सर ठाण्यात गेले आणि त्यांनी स्वतःची माहिती दिली. आपल्या घरात एक परदेशी नागरिक राहतो आणि तो मीच. ठाण्यातले हवालदार त्यांचे विद्यार्थी निघाले. त्यांनी सरांना खुर्ची दिली, चहा पाजला, आणि जीपमधून घरी आणून सोडले. उतरताना काकूंना बाजूला घेऊन त्यांनी विचारले, "काकी, सरांची साखर तपासली का एवढ्यात?"

प्रजासत्ताकदिनाचा झेंडा पूर्वी सर फडकवत. आता त्यांनी तो मान वेल्डरला दिला आणि स्वतः फाटकाबाहेर, रस्त्यावर, सावधान उभे राहिले. लोकसभेची निवडणूक आली. एरवी मतदानकेंद्रावर पहिला क्रमांक त्यांचा असे. त्या दिवशी ते काकूंना घेऊन शाळेपर्यंत गेले, केंद्राबाहेर जिथे चुन्याची रेघ मारलेली असते तिथे थांबले आणि म्हणाले, "तू जा."

"नाव तुमचंबी हाय यादीत."

"नाव आहे. हक्क नाही."

काकू मत देऊन येईपर्यंत ते उन्हात रेघेच्या अलीकडे उभे होते.

पण सगळ्यात विलक्षण गोष्ट म्हणजे, त्यांनी बोलणे सोडले. राज्यघटना काही हक्क प्रत्येक माणसाला देते आणि काही फक्त नागरिकांना. जगण्याचा हक्क कोणालाही आहे. भाषणस्वातंत्र्य मात्र नागरिकांचे. सभा भरवणे नागरिकांचे. देशात कुठेही राहणेसुद्धा. सरांनी हे सगळे स्वतःला लावून घेतले. पाणी आले का, दार लावा, एवढे ते बोलत. मत म्हणून काही बोलायचे नाही. कोणी मुद्दाम डिवचले, की बोटाने नाही म्हणत.

"कुटं ऱ्हायचाबी हक्क नाय म्हनता, मंग ऱ्हाता कसे?" काकूंनी विचारले.

"तुझ्या आश्रयाला आहे."

"आदी कोनाच्या होता?"

चाळीत सभा बंद झाल्या. भिंती जिथल्या तिथे राहिल्या. पूर्वी आपले कोणी ऐकत नाही म्हणून रागावणारी अविवाहित मुले आता आपसांत भांडू लागली, आणि एकदा तर त्यातला एक सरांच्या ओटीवर येऊन म्हणाला, "सर, मीटिंग बुलाइए ना. कुछ तो पूछिए." सरांनी हात जोडले. काकू मला नळावर म्हणाल्या, "चाळीस वर्सं मी सांगत होते, गप बसा, गप बसा. आता घर खायला उटतंय."

बोलत ते फक्त एकाशी. दर रविवारी संध्याकाळी लेस्टरहून फोन यायचा, आणि मोबाइलच्या पडद्यावर मुलगा दिसायचा. भुवया पुन्हा आल्या होत्या. पहिल्या काही रविवारी तोच जुना प्रकार, जेवलास का, हो, थंडी आहे का, आहे. मग एकदा मुलगा सहज म्हणाला, "काय परदेशी पाहुणे, इंडियात करमतं का?" सर चमकले. आणि मग मोठ्याने हसले. त्या घरात तसे हसू मी प्रथमच ऐकत होते. "ठीक चाललंय," ते म्हणाले, "लोक चांगले आहेत इथले. भाषा जरा वेगळी." तिकडून मुलगा हसत होता. "माझ्याकडंही तसंच, बाबा. लोक चांगले, भाषेचा वांधा."

त्यानंतर दर रविवारी ते दोघे परदेशी एकमेकांना आपापल्या देशाची हकिकत सांगत. मुलगा गोदामाबद्दल सांगे, पोलिश मुकादमाबद्दल, रात्रपाळीच्या बसबद्दल. तिथे त्याला कोणी विचारले की तू कुठला, तर तो आधी विचार करतो, असे त्याने एकदा सांगितले. "मीसुद्धा," सर म्हणाले. जो मुलगा हो-नाहीपलीकडे कधी गेला नव्हता, तो तासतासभर बोलत असे. काकू मागे बोंबील निवडत बसत, आणि मधूनच म्हणत, "आता दोगं मिळून माजी चाडी करा."

एका वकिलाने सरांना सुचवले होते, की अगदी नागरिकत्व गेले असे धरले तरी ते लगेच परत मागता येईल. भारतात सात वर्षे राहिलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला नोंदणीने नागरिक होता येते, आणि सर तर आयुष्यभर इथेच राहिले. सरांनी मान हलवली. "ते राहणं नागरिकाचं होतं. परका म्हणून सात वर्षं राहून दाखवली पाहिजेत." वकिलाने कपाळाला हात लावला.

ती सात वर्षे भरली तेव्हा सर सत्तरीच्या घरात आले होते, गुडघे दुखू लागले होते. पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जायचे होते. त्यांनी मला बरोबर येण्याची विनंती केली. वेल्डर गावी गेला होता, आणि सहीची दुसरी साक्षीदार मीच होते.

तिथल्या अधिकारी एक तरुण बाई होत्या. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. सर सात वर्षांत मुलाखेरीज कोणाशी इतके सलग बोलले नव्हते, त्यामुळे मध्येच त्यांचा आवाज बसत होता. ऐकून झाल्यावर बाईंनी विचारले, "तुमच्याकडे पोर्तुगालचा पासपोर्ट आहे?"

"नाही."

"घ्यायचा विचार होता?"

"छे."

"मग तुम्ही भारताचे नागरिक नाही, हे कोणी ठरवलं?"

"मी."

बाईंना हसू आले असावे, पण त्यांनी ते दिसू दिले नाही. "सर, एखाद्यानं परदेशी नागरिकत्व घेतलं की नाही असा प्रश्न आला, तर तो ठरवायचा अधिकार केंद्र सरकारचा असतो. कायद्यातच आहे. तुम्हाला तो नाही. मलाही नाही. केंद्रानं तुमच्याबद्दल काही ठरवलेलं नाही, म्हणजे आमच्या लेखी तुम्ही नागरिक आहात. नागरिकाला नागरिकत्व कसं देणार? मी हा अर्ज घेऊ शकत नाही."

सरांनी अर्जाची घडी घालून तो खिशात ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मी कधी गेलोच नव्हतो."

"नाही."

"एकही दिवस?"

"एकही दिवस नाही. जा घरी, आजोबा. आनंदाची गोष्ट आहे ना?"

जिना उतरताना मला फार आनंद झाला होता. आता ते बोलू लागतील, असे मला वाटत होते. सभा भरतील, माझे मत मागतील, आणि या खेपेला मी ते मुदतीत देईन. रिक्षात बसलो. वाटेतले उमरोळीचे रेल्वेफाटक मागे पडले तरी सर बाहेरच पाहत होते. धीर करून मी म्हटले, "सर, बरं झालं ना?"

"हो," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "त्यानं पासपोर्ट घेतला आहे. त्याचं नागरिकत्व मात्र खरंच गेलं."

मी मांडीवरची पिशवी सरळ केली.

"सात वर्षं आम्ही दोघं बाहेर होतो," सर म्हणाले. "आता तो एकटाच आहे."

त्या रविवारी फोन आला तेव्हा काकूंनी मलाही बोलावून घेतले होते. पडद्यावर मुलगा उत्सुकतेने पुढे झुकला होता. "काय झालं, बाबा? झालात का इंडियन?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अर्ज घेतला नाही त्यांनी," ते म्हणाले.

यात एकही शब्द खोटा नव्हता. काकूंचे हात बोंबलांवर थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे, आणि आम्ही दोघी पुन्हा खाली पाहू लागलो.

"जाऊ दे, बाबा," मुलगा म्हणाला. "पुन्हा करू. आपण दोघं आहोत ना."

"आहोत ना," सर म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात लोकसभेची निवडणूक आली. मतदान सोमवारी होते. सर पहाटे उठून, धुतलेला सदरा घालून, पहिल्या क्रमांकाने मत देऊन आले. त्या दिवशी मुलाचीही सुटी होती, म्हणून त्याने संध्याकाळी फोन लावला. त्याला तिकडच्या पावसाच्या गोष्टी सांगायच्या होत्या, नव्या भाडेकरूंबद्दल ऐकायचे होते. सर उत्साहाने बोलत होते, उजव्या हाताने हातवारे करत होते. शाई लागलेले बोट डाव्या हाताचे असते. तो हात त्यांनी फोन संपेपर्यंत मांडीवरच्या पंच्याखाली झाकून ठेवला होता.